वाचक विचारतात : सेवा भरपूर, प्रार्थना राहूनच जाते

या अंकासाठी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही नाशिकचीच निघाली, त्याला माझा इलाज नाही. बाकीच्या जिल्ह्यांनीही लिहावं. पहिलं पत्र लांबलचक होतं, ते लिहिणाऱ्या भगिनीच्या संमतीने कापलं आहे. नाव छापू नका असं तिने दोनदा अधोरेखित केलंय, तेव्हा नाव नाही.

प्रश्न : आदरणीय बाई, जय ख्रिस्त. मी नाशिकरोडला राहते. मिस्टर प्रेसमध्ये आहेत, त्यांच्या शिफ्ट बदलत्या. मोठा मुलगा दहावीला, धाकटी सहावीला, सासूबाई आमच्याजवळ. मी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. संडे स्कूलचा मधला वर्ग माझ्याकडे, गायकवर्गात मी आहेच, आणि आता हंगामाच्या सणाचा, म्हणजे लोकांनी चर्चला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो त्या सणाचा, हिशेबही माझ्याकडे आलाय. लिलावात ज्यांनी जोशात बोली लावली आणि अजून पैसे दिले नाहीत, त्यांना फोन करायचे तेही मीच. यंदा एका काकांनी कोंबड्यावर अशी काही बोली चढवली की टाळ्या पडल्या. कोंबडा ते त्याच दिवशी घेऊन गेले, पैशाचं अजून नाव नाही.

त्या दिवशी सगळं आवरून घरी यायला रात्रीचे साडेअकरा झाले. दुसऱ्या रविवारचा धडा बघायचा म्हणून बायबल उघडलं. तेव्हा एकदम जाणवलं की धड्याखेरीज, नुसतं स्वतःसाठी म्हणून, मी हे पुस्तक कित्येक महिन्यांत उघडलेलंच नाही. सभेत प्रार्थना करायला पाळकसाहेब नेहमी मला उठवतात. छान प्रार्थना करता, असं बायका म्हणतात. घरी एकटी बसले की मात्र शब्द फुटत नाही. दोन मिनिटांत डोळ्यांसमोर भाड्याच्या खुर्च्या येतात.

दुसरीकडे माझ्या जाऊबाई. रोज सकाळी तासभर दार लावून प्रार्थनेला बसतात. चर्चमध्ये कधी चहाचा कप उचलणार नाहीत, आणि मी दिसले की म्हणतात, "आल्या आमच्या मार्थाबाई!" मला ते फार लागतं. आमचे कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात, सेवा हीच प्रार्थना, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. नाताळ तोंडावर आलाय. सगळ्याचा राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

— एक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. आधी जाऊबाईंचं मिटवू, म्हणजे तुम्हाला पुढचं नीट वाचता येईल.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं ते मार्था-मरीया बहिणींचं घर डोळ्यांसमोर आणा. मरीया प्रभूच्या पायाशी बसली आहे आणि अख्ख्या प्रसंगात ती एक शब्द बोलत नाही. पाहुणचाराच्या धावपळीत बहिणीकडे बोट दाखवते ती मार्था. आता सांगा, मांडीवर बायबल घेऊन जी बाई दुसरीला "मार्थाबाई" म्हणते, ती त्या घरात कुठल्या जागेवर उभी आहे? जाऊबाईंना हे ऐकवायला जाऊ नका, घरात भांडण होईल. पण तुम्हीही त्यांनी न उचललेले कप मोजलेत, पत्रात लिहिलेतसुद्धा. तेव्हा फिटंफाट. त्यांची प्रार्थना खरी की दिखाऊ, हे ठरवायचं काम तुमच्याकडे नाही. आधीच चार कामं आहेत.

आता मार्थाकडे येऊ, कारण तिच्यावर आपल्याकडे प्रवचनांतून फार अन्याय होतो. तिने प्रभूला घरी बोलावलं, हे पहिलं. बोलावल्यावर पाहुण्याला जेवायला लागतं, हे दुसरं. लूकने ही हकिगत कुठे ठेवली आहे तेही पाहा. तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, म्हणजे धर्माच्या कामाला निघालेले दोघं बाजूने गेले आणि परक्याने जखमा बांधल्या, तो. हात चालवायचेच नाहीत असं प्रभूला सांगायचं असतं, तर तो दाखला कशाला दिला असता? आणि मार्थाच्या घरातून बाहेर पडून पान उलटलं की शिष्य म्हणतात, प्रभुजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. जखमा बांधणं, पायाशी बसणं, प्रार्थना शिकणं, तिन्ही एकापाठोपाठ. ज्याला यातलं एकच उचलून दुसऱ्याच्या डोक्यात मारायचंय, तो पुढचं-मागचं वाचत नाही.

मार्थाचं चुकलं ते असं, की कामाच्या घाईत ती प्रभूलाच हुकूम सोडायला लागली. "तिला सांगा मला मदत करायला." पाहुणा घरात बसलाय, त्याच्यासाठीच सगळं चाललंय, आणि त्याला काय हवंय हे विचारायला तिला सवड नाही. उलट त्याने काय बोलावं हे तीच ठरवतेय. प्रभूने तिला दोनदा नावाने हाक मारली आणि म्हटलं की तू पुष्कळ गोष्टींची काळजी व दगदग करतेस. तिला स्वयंपाकघरातून काढून टाकलं नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत जेवण आहे आणि तिथेही वाढायला मार्थाच आहे. वाढपी तीच, या वेळी तक्रार मात्र नाही. मधल्या काळात तिचा भाऊ लाजर मेला, कबरेतून उठला, आणि "आपण ख्रिस्त आहात" हे पेत्र या शिष्यासारखं तोंडाने कबूल करणारी ती हीच मार्था होती. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "मार्थाबाई" म्हटलं तर मनातल्या मनात "आभारी आहे" म्हणा.

तुमच्या सेक्रेटरीसाहेबांचं "सेवा हीच प्रार्थना" हे वाक्य मी फार वर्षं ऐकतेय. बहुतेक वेळा ते कुणाला तरी आणखी एक काम देण्याआधी म्हटलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही, पण प्रभू स्वतः तसं वागला नाही. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमचा एक दिवस आहे. सकाळी सभास्थानात शिक्षण, तिथेच भुताने पछाडलेला माणूस, मग पेत्राच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी. इतकं झाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा उठेल. तो अंधार असतानाच उठून अरण्यात गेला आणि प्रार्थना करत बसला. शिमोन, म्हणजे पेत्रच, आणि सोबती शोधत आले: सगळे लोक आपल्याला शोधताहेत! म्हणजे दाराशी पुन्हा रांग लागली होती. तुम्ही-मी धावत परत गेलो असतो. तो म्हणाला, चला, आसपासच्या गावांत जाऊ. कफर्णहूमची रांग तशीच राहिली. त्या रांगेतही खरे आजारी असणार, हे मला अजून जड जातं. पण कुठली हाक घ्यायची आणि कुठली नाही, हे त्याने रांगेची लांबी पाहून ठरवलं नाही, एकांतात बापाशी बोलून ठरवलं. सेवा हीच प्रार्थना असती तर त्याला त्या अंधारात बाहेर पडायची गरज नव्हती.

तुमच्या पत्रात थकव्याबद्दल बरंच आहे. थकव्याचं मला फार वाटत नाही, सणावाराला कोण थकत नाही? ज्या ओळीवर मी थांबले ती ही: सभेत प्रार्थना छान होते, एकटी असताना शब्द फुटत नाही. इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकात जे पत्र आहे त्यात प्रभू आधी त्यांची कृत्यं, श्रम, धीर सगळं मान्य करतो. यादी अगदी वार्षिक अहवालात शोभेल अशी आहे. मग म्हणतो, पण पहिली प्रीती सोडलीस. श्रम चालू राहतात आणि प्रीती गेलेली असते, आणि बाहेरून फरक दिसत नाही. तुम्हाला तो आतून दिसला, हिशेबाच्या रात्री का होईना. माझ्या मते ही देवाने केलेली मेहेरबानी आहे, तिला पाप समजून रडत बसू नका.

आता राजीनाम्याचं. सगळा एकदम देऊ नका. नाताळच्या तोंडावर रागाने दिलेला राजीनामा म्हणजे पदर खोचून "तिला सांगा" म्हणणंच झालं, फक्त कागदावर. नारायण वामन टिळकांनी, म्हणजे आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंच्या यजमानांनी, 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला. तसं बोलावणं एखाद्याला येतं. तुम्हाला ते आलेलं नाही, तुम्हाला झोप आलेली आहे.

मी सांगते ते दोनच गोष्टींचं. लिलावाचा हिशेब आणि ते फोन खजिनदारांना परत करा. प्रेषितांची कृत्यं, सहावा अध्याय: विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी वाटप बंदही केलं नाही आणि स्वतःच्या डोक्यावरही घेतलं नाही. सात जण निवडले, आणि पानं वाढायच्या कामालाही आत्म्याने पूर्ण अशीच माणसं निवडली. तुमच्या मंडळीत खजिनदार निवडलेला आहे ना? मग कोंबड्याचे पैसे त्यांनी वसूल करावेत.

दुसरी गोष्ट जड जाईल. नाताळ होईपर्यंत सभेत प्रार्थनेला उभ्या राहू नका. पाळकसाहेबांना आधीच भेटून सांगा, कारण विचारलं तर "मला थोडे दिवस गप्प बसायचंय" एवढंच. संडे स्कूल सोडू नका, मुलांचं नुकसान करायचं कारण नाही. गाणंही सोडू नका. ज्या कामाबद्दल आपली वाहवा होते आणि ज्यातून आतला कोरडेपणा झाकला जातो, तेवढं एक बाजूला ठेवायचं. बायका विचारतील. विचारू देत.

वेळेबद्दल. पहाटे चारला उठा असं मी सांगणार नाही. असं सांगणाऱ्या बहुतेक भावांचा डबा त्यांची बायको भरत असते. आपल्या बायकांची पहाट नळाची, डब्यांची आणि रिक्षावाल्या काकांच्या हॉर्नची. स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी म्हणतो, कुठे रात्रीच्या प्रहरी बिछान्यावर म्हणतो. देवाचं ऑफिस फक्त पहाटे उघडं असतं असं कुठे नाही. मिस्टरांची शिफ्ट बदलते, तर घड्याळाऐवजी प्रसंगाला बांधा: मुलं शाळेत गेली की, भांड्यांना हात लावायच्या आधी. आधी म्हणजे आधी. भांडी झाल्यावर बसते म्हणाल तर भांड्यांमागून कपडे उभेच असतात. फोन सासूबाईंकडे द्या. त्या कुणालाही फोन करणार नाहीत, आलेला मात्र आनंदाने घेतील.

धड्याचं पुस्तक तिथे नको. संडे स्कूलला मोशे चालू असेल तर तुम्ही मोशे वाचायचा नाही, नाहीतर अर्ध्या मिनिटात चार्ट पेपर आठवेल. स्तोत्रं घ्या, मोठ्याने वाचा. शब्द फुटत नाही म्हणता, तर दुसऱ्याचे शब्द वापरायला लाज कसली? तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे आणि "मला कुठवर विसरणार" असं विचारतच सुरू होतं. ते वाचून नुसतं बसा. खुर्च्या आठवल्या तर खुर्च्यांचीच प्रार्थना करा: प्रभू, या दीडशे खुर्च्यांवर कोण बसणार आहे? वही करू नका, तारखा लिहू नका, किती दिवस झाले ते मोजू नका. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्ही रजिस्टर कराल हे मला दिसतंय.

आणि त्याच्याही आधी, चार-सहा रात्री लवकर झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता पुरे, माझा जीव घे" म्हणत पडला, तेव्हा दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. खाऊन तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवायला घातलं, आणि मग देवाच्या डोंगराचा, होरेबचा रस्ता. दहावीचा मुलगा, सासूबाई आणि हंगामाचा सण इतकं झाल्यावर हा भाग वगळून चालणार नाही.

शरणपूरला आमच्या आळीत एक निवृत्त नर्स होत्या, आता प्रभूकडे गेल्या. इंजेक्शन द्यायच्या, बीपी बघायच्या, लोकांचे फॉर्म भरायच्या, सोयरिकी जमवायच्या. मंडळीच्या तीन-चार कमिट्यांवर होत्या. दुपारी चार वाजले की दार लावायच्या. दाराबाहेर एक लाकडी स्टूल आणि झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या. आळीतल्या पोराठोरांना नियम पाठ होता: रक्त, श्वास किंवा तान्ह्याचा ताप असेल तर दार वाजवायचं, बाकी सगळ्यांनी बसायचं. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातलेला असायचा. बसलं की आतून कधी गुणगुणणं यायचं, कधी काहीच नाही. एकदा खुद्द पाळकसाहेब मांडीवर हजेरीचं रजिस्टर घेऊन त्या स्टुलावर बसलेले मी पाहिले, आणि ते अगदी शाळेतल्या मुलासारखे बसले होते. दार उघडलं की बाई आधी बसलेल्याचं नाव घ्यायच्या, मग "बोल" म्हणायच्या. झाडूवाली असो की कमिटीचा चेअरमन, "बोल" तेच. त्यांच्याकडे काम घेऊन गेलेल्या माणसाला आपण त्यांच्या वाटेत आलोय असं कधी वाटलं नाही. इतकी कामं असून हे कसं जमतं, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "चारला दार लावते म्हणून."

तुमच्याकडे फ्लॅट असेल, बाहेर स्टूल ठेवाल तर सोसायटीवाले बोलतील. पण घरच्यांना नियम सांगून ठेवा. दहावीचा मुलगा "आई, माझे मोजे" म्हणत येईल. मोज्याला रक्त लागलेलं नाही.

प्रश्न : बाई, सलाम. मी आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. तुमच्या सदरात नेहमी प्रार्थना, प्रार्थना असतं. आमच्याकडे जे तासतास प्रार्थना करतात ते खुर्च्या लावायला येत नाहीत. रक्तदान शिबिराला येत नाहीत. नाशिकला मिशनरी लोकांनी शाळा काढल्या, कारखाने काढले, ते डोळे मिटून बसले असते तर शरणपूर वसलं असतं का? भक्ती आधी, सेवा नंतर, हे आळशी लोकांनी काढलेलं आहे असं मला वाटतं. राग मानू नका.

— एक तरुण, गंगापूर रोड

उत्तर : राग कसला, तुझा त्रागा मला पटतो. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय आणि याकोबाचं पत्र तुझ्या बाजूने आहेत, तू ते उद्धृत केले नाहीस याचंच आश्चर्य वाटलं. उपाशी माणसाला "जा, ऊब घे, तृप्त हो" एवढंच म्हणून घरी पाठवणाऱ्याला याकोब सोडत नाही.

पण शरणपूरचा दाखला दिलास, तर तो पुरता घे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. कारखाना होता, तुझं बरोबर. त्या मुलांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याकडे, त्यांना शोधून काढणाऱ्या स्टॅन्ली या पत्रकाराने 1872 साली जी माणसं पाठवली त्यांत तो होता. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या एका खेड्यात, झोपडीत, बिछान्याशेजारी गुडघ्यांवर वारलेला सापडला. सोबत्यांनी ठरवलं की देह मायदेशी पोचवायचा. काळीज झाडाखाली पुरलं, आणि दफनविधी वाचला तो या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकबने. झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग तो देह ती माणसं शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत घेऊन आली. वाटेत आजार आणि मरण, दोन्ही होतं. जेकब देहासोबत इंग्लंडला गेला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीशी मान दिलेल्या माणसांत होता.

आता मला सांग, त्या रानात, पाळक नाही, चर्च नाही, अंगात ताप, अशा वेळी तो विधी वाचायला पुढे होणारा पोरगा कुठे तयार झाला? निव्वळ रंधा मारून नाही. रोज घंटा झाली की प्रार्थनेला बसवणारी शाळा होती ती. कोरायला लागणारा हात आणि वाचायला लागणारी वाचा, दोन्ही त्याला शरणपूरने दिलं. तुम्ही आज त्यातला कारखानाच तेवढा आठवता, कारण शिबिरं आणि बांधकामं अहवालात छापता येतात.

दुसरं उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात शेकडो तोंडं जेवायला होती. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध. शेत, विहिरी, माग, छापखाना. तुझ्या शिबिरापेक्षा व्याप थोडा मोठा होता असं म्हणायला हरकत नाही. अशा व्यापात 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी उठल्या. पुढे त्या वर्षी मुक्तीत जे संजीवन, म्हणजे भक्तीचं नवं जागरण, झालं ते तुला वाचून माहीत असेल. पण माग बंद पडला, चूल थंडावली असं काही ऐकिवात नाही. बाईंचं स्वतःचं बायबल भाषांतराचं काम 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत चालूच होतं. आळशी माणसाने काढलेली गोष्ट रमाबाईंनी कशाला पाळली असती?

तासतास प्रार्थना करून खुर्ची न उचलणारे आहेत, हे खरं. त्यांच्याशी भांडायचं तर भांड. फक्त एक कर: पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी संघाची जी बैठक असते, बॅनर, बिस्किटं, सेल्फी पॉइंट वगैरे, ती सुरू करायच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी गप्प बसा. "छोटीशी प्रार्थना करून सुरुवात करूया" हे वाक्य तुमच्या संघाच्या इतिवृत्तात छापील असल्यासारखं येतं, ते नको. खरा अर्धा तास. कोण चुळबुळ करतं ते बघ. तू करशील असं मला वाटतं, चुकीची ठरले तर कळव.

आणि गंगापूर रोडवरून शरणपूरला येशील तेव्हा सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांतून वाट निघाली तर माझ्याकडे चहाला ये. चार वाजता नको.

प्रश्न : स्वयंपाक करताना मी मोबाइलवर संदेश, म्हणजे प्रवचनं लावते. दोन-दोन तास ऐकणं होतं. हे भक्तीत धरायचं का? वेगळं बसायला हवं का?

— सिडको

उत्तर : ऐका, चांगलं आहे. सासू-सुनेच्या मालिकेपेक्षा कितीतरी बरं. पण ते ऐकणं आहे. तुम्ही देवाशी बोललात का, आणि तो बोलेल म्हणून गप्प राहिलात का, एवढं विचारा. दोन तास सतत कुणीतरी तुमच्या कानात बोलत असेल, आणि बरेचसे वक्ते ओरडूनच बोलतात, तर देवाने तोंड कधी उघडावं?

स्वयंपाकघरात भक्ती होत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा भाऊ होता, मुळचा शिपाईगडी. त्याला वर्षानुवर्षं मुदपाकखान्यात काम होतं, आणि ते काम त्याला मुळात आवडतही नव्हतं. भांड्यांच्या खडखडाटात तो देवाशी बोलत राहिला, इतका की मोठमोठी माणसं त्याचा सल्ला घ्यायला यायची. फरक एवढाच की त्याच्याकडे मोबाइल नव्हता. खडखडाट होता, पण मधे बोलणारा तिसरा माणूस नव्हता.

तर असं करा. भाजी चिरताना संदेश ऐका, कणीक मळताना बंद करा. कणकेला लक्ष लागत नाही, हात आपोआप चालतात. तेवढ्यात घरातल्या एकेकाचं नाव घ्या, मग शेजारच्यांचं, मग ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं. तिसऱ्या नावापाशी कणीक जरा जास्तच मळली जाईल, पोळ्या मऊ होतील. आणि आठवड्यातून एखादा दिवस तरी गॅस बंद करून, हात पुसून, वेगळं बसा.

पुढच्या अंकात: कॅरोल फेरीत जमलेल्या पाकिटांतले पैसे तरुण संघाचे की मंडळीचे, यावर दोन मंडळींतून चार पत्रं आली आहेत, एक तर वकिलाकडून लिहून घेतलंय. डिसेंबरात घेते.